आता जतन करा

चिचटोला, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली
सोमवार, २४ मार्च २०२५, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे

आदरणीय शमीम मॅडम,
जोहार.

हे पत्र लिहायला घेतले तेव्हा मी समाजमंदिराच्या ओट्यावर सहा फोन ओळीने मांडून मऊ फडक्याने पुसत होतो. पाच पुसून झाले होते. सहावा पुसण्याआधी पत्र सुरू करत आहे, कारण सात वाजता बायका मोहाची फुले वेचून परततील आणि मग मला बसता येणार नाही.

तुम्ही म्हणालात, संदेश पाठवू नका, कागदावर लिहा. संदेशात सगळे 'ओके मॅडम' एवढेच लिहितात, कागदावर तेवढेच लिहायला माणसाला लाज वाटते. मला ते पटले. शिवाय माझा फोन माझे शब्द आपल्या मनाने बदलतो. मी 'इतवारीबाई' लिहितो, तो 'इतर बाई' करतो. त्या वाचत नाहीत म्हणून बरे.

माझ्या समजण्यात चूक नको म्हणून काम पुन्हा लिहून काढतो. सहा बायका, सहा फोन. बाई मोह घेऊन घरी आली की फोन उघडते. फोन विचारतो, आज किती मोह? ती बोलून सांगते. मग फोन म्हणतो, फोटो काढा. ती टोपलीचा फोटो काढते. मग फोन शेवटचे वाक्य बोलतो आणि हिरवे बटण दाखवतो. ते दाबले की नोंद पक्की. चिचटोल्यात रेंज नाही, म्हणून दर शनिवारी मी सहाही फोन कुरखेड्याला नेतो आणि तिथून सगळे पुण्याला तुमच्याकडे जाते. ग्रामसभेला आपला माल किती ते कळते आणि व्यापाऱ्याला मापात मारता येत नाही.

आणि मुख्य नियम : मी बायकांना काहीही शिकवायचे नाही. फोनने स्वतः समजावले पाहिजे. नाही जमले तर फोन नापास, बाई नापास नाही. मी बारावीला इंग्रजीत दोनदा नापास आहे, म्हणून हा नियम मला फार आवडला आणि मी तो भिंतीवर लिहून लावला आहे.

शेवटच्या वाक्याबद्दल. आधी ते 'आता सेव करा' असे होते. गावात दाखवले तेव्हा फोन 'सेव करा' म्हणाला आणि इतवारीबाईंचे यजमान पोचूभाऊ यांनी हात जोडून 'जय सेवा' असे उत्तर दिले. त्यांना वाटले, फोन नमस्कार करत आहे. मागे बसलेल्या मुलांनी 'सेव-चिवडा, सेव-चिवडा' असा गलका केला. म्हणून तुमच्या परवानगीने मी तिथे 'आता जतन करा' असे शुद्ध मराठी घातले आणि माझ्याच आवाजात भरले. 'जतन' मधल्या 'न' चा उच्चार स्पष्ट यावा म्हणून अकरा वेळा भरले.

सर्व सुरळीत आहे.

आपला नम्र,
रोशन हलामी

―――

पुणे
३१ मार्च २०२५, ईद

प्रिय रोशन,

तुमचं पत्र शनिवारी आलं, आज शीरखुर्मा खाऊन उत्तर लिहितेय. पहिलं पत्र म्हणून फार आवडलं. 'सर्व सुरळीत आहे' हे शेवटचं वाक्य मात्र 'ओके मॅडम'चाच चुलतभाऊ आहे, त्याच्यावर लक्ष ठेवा.

कारण सुरळीत काहीच नाही. माझ्याकडे पक्क्या नोंदी शून्य आल्या आहेत. कोण कुठल्या पायरीपर्यंत पोचलं एवढं फोन कळवतो. प्रत्येक बाई किती मोह ते सांगते, फोटोही काढते, आणि शेवटचं वाक्य ऐकलं की थांबते. रोज. सहाच्या सहा.

पैसे देणाऱ्या समितीने आपल्याला एप्रिलअखेरपर्यंतच मुदत दिली आहे. २ मे रोजी समितीचे तिघं गावात येऊन स्वतः बघणार. नोंदी दिसल्या तर पुढचं वर्ष मंजूर. नाहीतर माझा गाशा गुंडाळला जाईल आणि तुमचाही. तुम्हाला घाबरवत नाही, पण तुम्ही हिशेबी माणूस आहात, तुम्हाला तारीख माहीत हवी.

लोक मला विचारतात, तुम्ही कॉम्प्युटरच्या प्रोफेसर, मग कॉम्प्युटर दुरुस्त करता का? नाही. माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये जी हातभर जागा असते, तो माझा विषय. पंचवीस वर्षं मी त्या जागेत राहतेय. भाडं कमी, भांडणं फार. पण मूळ धंदा घरचाच. चंद्रपुरात माझ्या अब्बांचं, नवाबभाईंचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. येणाऱ्या रेडिओंपैकी निम्मे बिघडलेले नसायचेच, नुसता काटा भलतीकडे सरकलेला असायचा. अब्बा गिऱ्हाइकाला हसत नसत. अम्मीचं नेलपॉलिश घ्यायचे, नागपूर केंद्र लागतं तिथे लाल ठिपका द्यायचे आणि पैसे न घेता रेडिओ परत करायचे. अम्मी ओरडायची, अख्ख्या शहराची नखं तुम्हीच रंगवा. ते म्हणायचे, "आदमी गलत नहीं होता, निशान गलत जगह होता है." मी पुढे जे काही छापलं, ते या एका वाक्याची लांबण आहे.

तेव्हा आपला ठिपका कुठे चुकला ते शोधू. तुम्ही अंगणात बसा आणि फक्त बघा. मदत करायचा मोह होईल, म्हणून हाताची घडी घाला आणि सोडू नका.

शमीम

―――

चिचटोला
मंगळवार, ८ एप्रिल २०२५, दुपारी १२ वाजून १० मिनिटे

आदरणीय मॅडम,
जोहार.

हाताची घडी घालून पाच दिवस बघितले. आता फक्त लिहिण्यापुरती सोडली आहे.

पहिल्या दिवशी इतवारीबाईंनी विचारले, "हात काऊन बांधला रे रोशन? मार खाऊन आला का?" मी सांगितले, मी निरीक्षण करून राह्यलो. त्या म्हणाल्या, "मंग पाह्य. पन जेवाले तरी सोडजो." दुसऱ्या दिवशी गावात बातमी पसरली की माझा खांदा निखळला आहे आणि पोचूभाऊ कुठलासा पाला वाटून घेऊन आले. मी लावून घेतला. नाही म्हणालो असतो तर समजावून सांगावे लागले असते, आणि समजावणे म्हणजे शिकवणे.

निरीक्षण असे. बायका फोनला अजिबात भीत नाहीत. इतवारीबाई मोहाची टोपली उतरवतात, घाम पुसतात आणि फोनशी गप्पा मारतात. किती मोह विचारल्यावर "चार किलो, आन दोन किलो अस्वलानं खाल्ले" असे सांगतात. माझ्या आवाजाला मात्र हसतात. "फोनमंदी तू असा काऊन बोलते बापू, तहसीलदारावानी?" फोटो नीट काढतात.

मग शेवटचे वाक्य होते. ते ऐकताच बाई मान डोलावते, फोन दोन्ही हातांत धरते आणि घरात जाते. सहाही जणी तसेच करतात. मी घरात जाऊ शकत नाही, बाईमाणूस एकटी असते. बाहेरून मला भांडे सरकल्यासारखा आवाज येतो. दोन मिनिटांनी बाई रिकाम्या हाताने परत येते आणि समाधानी दिसते. 'समाधानी' हे निरीक्षण नसून माझे मत आहे, म्हणून वेगळे नोंदवतो.

आत नेमके काय होते ते मला माहीत नाही. बटण दाबताना कोणी बघू नये असे त्यांना वाटत असेल का?

आणखी एक किरकोळ गोष्ट. फोनांच्या चार्जिंगच्या भोकांत धानाचा कोंडा सापडतो. हवेतून येत असावा. मी टाचणीने काढतो.

शनिवारी कुरखेड्याच्या वाटेवर सायकल घसरून पडलो. फोनांना काही झाले नाही, मी त्यांच्यावर पडलो नव्हतो. तुमच्या अब्बांचे वाक्य आठवून स्वतःला दोष दिला नाही, रस्त्याला दिला.

माझे भाऊजी दिनेश मोहर्लीला सफारीच्या जिप्सी धुतात. २ मे नंतर तिथे एक जागा आहे असे त्यांनी कळवले आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही.

आपला नम्र,
रोशन

―――

पुणे
१५ एप्रिल २०२५

प्रिय रोशन,

तुम्ही सोनं पाठवलंत. 'बाई घरात जाते.' मी ते वाक्य वाचून खुर्चीतून उठले आणि माझ्या विद्यार्थ्यांना फळ्यापाशी गोळा केलं.

बघा काय होतंय. बाई बोलते, फोटो काढते, तोवर तिला ते खेळासारखं वाटतं. पण नोंद पक्की करायची वेळ आली की ती एकांत शोधते. घरात जाते. बोट बटणापर्यंत नेते. आणि मागे घेते. पक्कं केलेलं परत घेता येत नाही, पिढ्यान् पिढ्या अंगठा देऊन फसलेल्या माणसांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्या दोन मिनिटांवर मी एका रात्रीत अकरा पानांचा लेख लिहिला : 'शेवटच्या पायरीवरचा संकोच'. परिषदेची मुदत संपतच होती, त्यांनी तो दोन दिवसांत घेतलाही. एक परीक्षक लिहितो की असं बारीक निरीक्षण वर्षानुवर्षांत वाचलं नाही. ते तुमचं श्रेय.

आता उपाय. बायकांना धीर द्यायला हवा. शेवटच्या वाक्यात भर घालू : 'घाबरू नका. आता जतन करा.' तुमच्याच आवाजात, जरा प्रेमाने. भरून पाठवा, शनिवारी फोन रेंजमध्ये आले की नवं वाक्य आपोआप उतरेल. समितीला दाखवायला आपल्याकडे दोनच आठवडे आहेत.

कोंड्याचं मात्र बघा. फोन महागाचे आहेत.

शमीम

ता. क. : दिनेशभाऊंना इतक्यात उत्तर देऊ नका.

―――

चिचटोला
शुक्रवार, २५ एप्रिल २०२५, सायंकाळी ५ वाजून २५ मिनिटे

आदरणीय मॅडम,
जोहार.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहीत आहे. आधीच्या तीन कागदांवर नमस्काराच्या पुढे गेलो नाही.

नवे वाक्य शनिवारी उतरले. रविवारपासून फोन 'घाबरू नका' म्हणू लागला आणि गाव घाबरले.

इतवारीबाईंनी मला विचारले, काही झाले का? मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, मग फोन रोज घाबरू नका का म्हणतो, कोणी चोर फिरतो का? मी गप्प राहिलो, हात बांधलेलेच होते. त्यांनी माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावला. सोमवारी पोचूभाऊंनी कुरखेड्याहून कुलूप आणले. मंगळवारपासून दोन म्हातारे आळीपाळीने त्यांच्या दारासमोर खाट टाकून बसतात. सहाही फोन आता वापरून झाले की त्यांच्याच घरी जमा होतात.

काल माझा धीर सुटला आणि मी फक्त एक प्रश्न विचारला. फोन घरात नेऊन काय करता? प्रश्न विचारणे म्हणजे शिकवणे नव्हे, असे मी स्वतःला समजावले.

इतवारीबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तूच तं रोज सांगते, जतन करा म्हून. तं करतो जतन. ढोलीत ठेवतो, धानाच्या खाली. पोराईच्या हाती लागत नाई, उंदरालेबी भेटत नाई. अजून किती जतन करू बापू?"

ढोली म्हणजे धान साठवायची मोठी बांबूची कणगी. भांडे सरकल्याचा आवाज तिच्या झाकणाचा होता. कोंडा हवेतून येत नव्हता.

मॅडम, इथे जपून ठेवण्याला जतन करणे म्हणतात. मलाही हे माहीत होते. माझी आई बियाणे जतन करते. पण 'जतन' हा शब्द मी व्याकरणाच्या बाजूने बघितला, आईच्या बाजूने बघितला नाही. बाईंनी कधीच बोट मागे घेतले नाही. बोट बटणापर्यंत गेलेच नव्हते.

आता माझी अडचण. मी त्यांना 'हिरवे बटण दाबा' एवढे सांगितले तर उद्यापासून सहाही फोन भरतील, समिती खूश होईल, आणि तुमचा लेखही खरा ठरेल, कारण धीर दिल्यावर संकोच गेला असे दिसेल. पण मग फोन नापास असून पास होईल. न सांगितले तर २ मे रोजी शून्य नोंदी. सांगू की नको? तुमचे उत्तर वेळेत येणार नाही हे मला कळते. तोपर्यंत घडी सोडत नाही.

आपला नम्र,
रोशन

ता. क. (शनिवार, २६ एप्रिल, कुरखेडा) : पत्र टाकण्याआधी हिंमत करून तुम्हाला फोन लावला. लागला. तुम्ही विचारले, सगळे ठीक ना? मी म्हणालो, ओके मॅडम. मग तुम्ही बरे म्हणून ठेवला. ते खरे समजू नये. खरे ते या पत्रात आहे.

―――

पुणे
६ मे २०२५

प्रिय रोशन,

काल घरी आले आणि दाराच्या फटीतून तुमचं पत्र पायात पडलं. मी पुण्याहून निघाले त्यानंतर ते पोचलेलं. म्हणजे २ तारखेला चिचटोल्यात जे घडलं ते तुम्हाला आठवडाभर आधीपासून माहीत होतं, इतवारीबाईंना महिनाभर, आणि मला, विषयाच्या तज्ज्ञ म्हणून, सगळ्यात शेवटी.

तुम्ही त्या दिवशी तीनदा माझ्या कानापाशी येऊन 'मॅडम, पत्र' म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला अनुभवाचं पत्र हवंय, जिप्सीच्या जागेसाठी. मी तीनदा 'देते, देते' म्हणाले. माफ करा.

तुम्ही मागे उभे होतात, समोरून कसं दिसलं ते सांगते. अध्यक्षांनी फोन बघायला मागितले. पोचूभाऊंनी कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडली, आत गेले, आणि कोपरापर्यंत धानाने माखून बाहेर आले. सहा फोन, सहा नव्या फडक्यांत. इतवारीबाईंनी एकेक उलगडून खाटेवर मांडला आणि म्हणाल्या, "मोजून घ्या साहेब. जतन करा म्हनलं, जतन केले."

अध्यक्षांच्या हातात माझा लेख होता. त्यांनी अकरा पानं चाळली, ढोलीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, यातला संकोच कुठला?"

मी म्हणाले, "त्यांना नव्हताच. आत्ता मला झालाय."

ते इतके हसले की इतवारीबाईंनी पाणी आणलं. पुढे काय बोलणं झालं ते तुम्हाला ऐकू गेलं नसेल. ते म्हणाले, मी पुष्कळ प्रकल्प बघितले. फोन वाटतात, आणि परत येतात ते काच फुटलेले, नाहीतर येतच नाहीत. महिन्याभराच्या वापरानंतर ओरखडा नसलेले फोन मी पहिल्यांदा बघतोय. ही माणसं सांगितलेलं तंतोतंत करतात. नीट सांगणारं कोणी भेटत नाही. वर्ष नाही, सहा महिने देतो. अट एकच, शब्द गावातून आला पाहिजे. सही करताना त्यांनी हळूच विचारलं, तुमचा मदतनीस असा हात बांधून का उभा आहे, काही आजार आहे का?

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, उशिरा का होईना. नाही सांगितलंत ते बरोबर केलंत. तुम्ही एक शब्द बोलला असता तर सहा फोन भरले असते आणि माझी अकरा पानं जन्मभर खोटी राहून मिरवली असती. लेख मी कालच परत मागवला. परिषदेला कारण कळवलं : 'संकोच नव्हता, उंदीर होते.'

आणि 'जतन'चा ठपका तुम्ही एकटे घेऊ नका, परवानगी मी दिली होती. आमच्याकडे ईद झाली की काचेचे पेले कपाटात जायचे आणि अम्मी म्हणायची, "जतन से रख." दहावीपर्यंत दर वर्षी ऐकलं. पुण्यात राहून माझ्याच कानातला काटा सरकला आणि ठिपका मी गावात शोधत बसले. अब्बा असते तर नेलपॉलिश घेऊन माझ्या मागे लागले असते.

नवा लेख आपण दोघं लिहू. माझ्या शेजारी तुमचं नाव असेल, त्याचं इंग्रजी स्पेलिंग कळवा. दिनेशभाऊंना आता उत्तर द्या.

परतताना ऊर्जानगरला मुबीनकडे, माझ्या भावाकडे, थांबले होते. चंद्रपुरातून सेव घेतली, पाव किलो. सोबत पाठवतेय. इतवारीबाईंना द्या आणि माझा निरोप सांगा : ही सेव आहे, खा.

शमीम

―――

चिचटोला
रविवार, १८ मे २०२५, सकाळी ७ वाजून ५ मिनिटे

आदरणीय मॅडम,
जोहार.

समाजमंदिराच्या ओट्यावर बसलो आहे. फोन पुसायचे नाहीत, ते बायकांनीच पुसून ठेवले आहेत.

शब्दासाठी मी कोणाला काही सुचवले नाही. इतवारीबाईंना एवढेच विचारले की एखादी गोष्ट पक्की झाली, आता इसरायची नाही, असे असले तर तुम्ही काय करता? त्यांनी विचार न करता पदराचे टोक दाखवले. "गाठ मारतो. अजून काय करते?" बाजारातून काय आणायचे, कोणाचे किती फिटले, सगळ्याला पदराची गाठ.

तेव्हा वाक्य ठरले : 'गाठ मार ओ बाई.' हिरव्या बटणावर आता गाठीचे चित्र आहे. माझा आवाज काढून टाकला, इतवारीबाईंचा घातला. त्यांनी एकदाच भरले. मी दुसऱ्यांदा भरू का विचारले तर म्हणाल्या, "काऊन, पहिल्यांदा खोटं बोलली का मी?"

हे वाक्य १० तारखेला उतरले. मला रात्रभर भीती होती की आता सगळ्या जणी फोनच पदरात बांधतील. तरी घडी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी पाच जणींनी चित्रावर बोट दाबले. सहाव्या, चंदाबाई, यांनी आधी चित्र दाबले आणि मग फोनही पदरात बांधला. नोंद पक्की झाली. फोनही पक्का झाला. हे निरीक्षण आहे, मत नाही.

काल कुरखेड्याहून सगळे पाठवले. तुम्हाला मिळाले असेल. मोहाचा हंगाम संपला, आता तेंदूपत्त्याचे पुडके, सहा बायकांचे, रोजचे. तिथे रेंज होती म्हणून तुम्हाला फोन लावणार होतो, पण माझ्या तोंडून ओके निघाले असते, म्हणून नाही लावला.

भाऊजींना कळवले. ते म्हणाले, जिप्सी धुणे कष्टाचे तरी काम आहे, हात बांधून उभे राहण्याचे पैसे कोण देते? मी म्हणालो, आहे एक समिती.

नावाच्या स्पेलिंगबद्दल. मी इंग्रजीत दोनदा नापास आहे, तुम्हीच ठरवा. फक्त आधार कार्डावर आहे तसे नको, तिथे एच राहिला आहे. छापण्याआधी कृपया एकदा मला दाखवावे.

आपला नम्र,
रोशन हलामी

सोबत हिशेब, १८ मे २०२५ पर्यंत :

आगाऊ मिळाले : रु. २०००
कुरखेडा जाणे-येणे, आठ शनिवार : रु. ६४०
पोस्टाची पाकिटे, चार : रु. २०
सायकलवरून पडल्याचे मलम (रस्त्याची चूक) : रु. ४०
समितीचा चहा व साखर : रु. १४५
पोचूभाऊंचे कुलूप : रु. ९५
एकूण खर्च : रु. ९४०
शिल्लक, माझ्याजवळ : रु. १०६०
इतवारीबाईंना फोन राखल्याबद्दल देणे : विचारले. 'जतनाचे पैसे घेते का कोनी' असे म्हणाल्या. रु. ०
सेव, पाव किलो, आपल्याकडून मिळाली. निरोप शब्दशः सांगितला. खाल्ली : अर्धी. शिल्लक : अर्धी, ढोलीत, धानाच्या खाली. किल्ली पोचूभाऊंकडे आहे.